माग मोडला : दुरुस्त करावा की बदलावा?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी किंवा सोलापूर, कुठल्याही मागाच्या गावात जा. कारखानदाराच्या तोंडी एक प्रश्न वर्षातून दोन-चार वेळा तरी येतोच. शाफ्ट तुटला, गिअरचे दात गेले, मोटर जळाली. आता यावर आणखी पैसे घालावेत की माग भंगारात देऊन दुसरा आणावा? मिस्त्री म्हणतो, "करून देतो, चालेल." भंगारवाला म्हणतो, "द्या आता, भाव चांगला आहे." मशिनरीचा दलाल म्हणतो, "नवीन घ्या, पुढचा जमाना त्याचाच आहे." तिघेही आपापल्या धंद्याच्या दृष्टीने बरोबर बोलतात. कारखानदाराने मात्र आपल्या धंद्याच्या दृष्टीने विचार करायला हवा आणि तो विचार हिशेबाने व्हायला हवा.

आम्ही स्वतः माग चालवीत नाही. आम्ही कापडाचे व्यापारी. सूत देतो, कापड घेतो, तागा उलगडून तपासतो आणि पुढे विकतो. परंतु इतक्या वर्षांच्या तजुर्ब्यातून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आहे. मागाची तब्येत कारखान्यात जितकी दिसते, त्यापेक्षा जास्त ती कापडावर दिसते. म्हणून या विषयावर व्यापाऱ्याच्या बाजूने चार गोष्टी लिहाव्यात असे वाटले. आमच्याकडे चार, आठ किंवा बारा माग असलेले छोटे कारखानदार पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी एका मागाचा चुकीचा निर्णय म्हणजे वर्षभराच्या बचतीवर पाणी, आणि त्या मागावरच्या विणकराच्या मजुरीलाही फटका.

जुना माग इतका टिकतो कसा?

आपल्याकडे यंत्रमागाचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला. मालेगाव-भिवंडीचे विणकर आधी हातमागावर होते, पुढे ते यंत्रमागावर आले. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या आणि तेथून निघालेले जुने माग मागांच्या गावांत येऊन पुन्हा उभे राहिले. गिरणीने टाकलेला माग आपल्या लोकांनी वर्षानुवर्षे चालवला, त्यावर घरे उभी केली, मुलांची शिक्षणे केली.

याचे कारण मागाच्या बांधणीत आहे. साधा माग हे ओतीव लोखंडाच्या दोन जाड बाजू, त्यांना जोडणारे आडवे तुकडे, दोन मुख्य शाफ्ट आणि लाकूड-चामड्याचे काही भाग एवढ्यांचे यंत्र आहे. वरचा क्रँक शाफ्ट हत्त्याला पुढे-मागे करतो. खालचा बॉटम शाफ्ट त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि धोट्याला मार देतो. यात गुप्त असे काहीच नाही. प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो, सुटा होतो आणि बाजारात मिळतो. म्हणूनच साधा माग सहसा "मरत" नाही. तो हळूहळू महाग पडू लागतो. कधी महाग पडू लागला हे ओळखणे, हाच आजचा विषय आहे.

आधी विचारा : का मोडला?

काय मोडले हे सगळेच पाहतात. का मोडले हे फार थोडे लोक पाहतात. मोटरीचेच उदाहरण घ्या. एक अश्वशक्तीची मोटर जळाली की आपण ती लगेच रिवाइंडिंगला पाठवतो. पण ती जळाली कशामुळे? तीन फेजपैकी एक फेज गेली आणि मोटर दोनवरच ओढत राहिली, तर ती तापून जळते. हा दोष मोटरीचा नाही, वायरिंगचा किंवा फ्यूजचा आहे. बुश झिजून शाफ्ट जड फिरत असेल, पट्टा गरजेपेक्षा ताणलेला असेल, बीमवर वजन जास्त टाकलेले असेल, तरी मोटर जळते. अशा वेळी नवी मोटर लावली तरी तीही सहा महिन्यांत जळणार.

शाफ्टचेही तसेच. बुश एका बाजूने झिजला की शाफ्ट वाकडा चालतो आणि शेवटी तुटतो. नुसता शाफ्ट बदलून बुश तोच ठेवला तर नव्या शाफ्टचेही आयुष्य कमीच. पिकिंग स्टिक दर आठवड्याला तुटत असेल तर काठी वाईट आहे असे समजू नये. मार फार जोराचा आहे, धोट्याची पेटी सैल आहे किंवा बफर संपला आहे, हे आधी तपासावे.

तेव्हा पहिला नियम असा : कारण सापडेपर्यंत दुरुस्तीचाही निर्णय घेऊ नये आणि बदलण्याचाही घेऊ नये. कारण साधे निघाले तर माग वाचतो. कारण बाहेरचे असेल, म्हणजे विजेचे किंवा जमिनीचे, तर नवा मागही त्याच जागी तसाच त्रास देईल.

कोणता भाग मोडला यावर बरेच ठरते

मागाच्या भागांचे आम्ही चार वर्ग करतो.

पहिला वर्ग झिजण्यासाठीच असलेल्या भागांचा : पिकर, पिकिंग स्टिक, चामड्याचे पट्टे, बफर, धोटा, फणी, टेंपलच्या रिंगा, ब्रेकचे अस्तर. हे भाग म्हणजे मागाची चपला-जोडी. ते झिजणारच, बदलावे लागणारच. यांच्या खर्चावरून माग वाईट ठरवू नये.

दुसरा वर्ग बुश, बेअरिंग, गिअर, टॅपेट आणि बाऊल यांचा. हे वर्षानुवर्षे चालतात आणि झिजले तरी बदलता येतात. एकदा नीट बदलले की माग बराच काळ शांत राहतो. यांची दुरुस्ती बहुतेक वेळा फायद्याची असते.

तिसरा वर्ग शाफ्ट, हत्ता आणि मोटर यांचा. येथे खर्च मोठा असतो. म्हणून येथे कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

चौथा वर्ग सांगाड्याचा. बाजूच्या ओतीव लोखंडाला तडा गेला, शाफ्टचे घर मोठे होऊन बसले, किंवा दोन्ही बाजू एकमेकींशी काटकोनात राहिल्या नाहीत, तर विचार बदलावा. ओतीव लोखंडाला साधे वेल्डिंग धरत नाही. तापून थंड होताना त्याच्या शेजारीच नवा तडा जातो. पितळेची झाळ किंवा ओतीव लोखंडासाठी असलेला खास निकेलचा रॉड वापरून जाणकार माणूस ते सांधू शकतो. एखादा कोपरा किंवा कान तुटला असेल तर असे काम चालते. पण जेथे शाफ्ट बसतो आणि दर फेरीला धक्का लागतो, तेथे सांधलेल्या सांगाड्यावर भरवसा ठेवू नये. सांगाडा गेला म्हणजे माग गेला. त्यावर नवे भाग चढवणे म्हणजे कुजलेल्या भिंतीला रंग देणे.

कापड काय सांगते?

आता आमच्या क्षेत्रातली गोष्ट. मिस्त्रीला बोलावण्याआधी त्या मागाचा शेवटचा तागा उजेडात उलगडा. मागाचा आजार तेथे लिहिलेला असतो.

कापडात आडवे जाड-विरळ पट्टे दिसत असतील तर बीमचा ताण एकसारखा सुटत नाही किंवा कापड गुंडाळणाऱ्या टेकअपच्या गिअरमध्ये दोष आहे. हे पट्टे ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असतील तर पट्टीने अंतर मोजा. सारखेच अंतर निघाले तर एखाद्या गिअरचा दात गेला आहे असे बहुधा समजावे. पट्टे कुठेही, कसेही येत असतील तर बीमची साखळी, वजन आणि क्रँकचे बुश तपासावेत.

कापडात लांबीच्या दिशेने एकच रेघ सतत येत असेल तर फणीची काडी वाकली आहे किंवा तार भरण्यात चूक आहे. हे अगदी स्वस्तातले काम आहे. बाण्याची एखादी तार गायब असेल आणि माग तरीही चालत राहिला असेल तर वेफ्ट फोर्क काम करीत नाही. काठ फाटतात किंवा आत ओढले जातात तेव्हा टेंपल आणि धोट्याची पेटी पाहावी. तेलाचे डाग पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी पडत असतील तर झिजलेल्या बुशातून तेल उडत आहे.

सर्वांत मोठे नुकसान धोटा ताण्यात अडकण्याने होते. एका क्षणात शेकडो तारा तुटतात आणि त्या जोडण्यात कारागिराचा अर्धा दिवस जातो. महिन्यातून एकदा असे झाले तर समजण्यासारखे आहे. आठवड्यातून दोनदा होऊ लागले तर माराची वेळ बिघडली आहे किंवा अडवणारी यंत्रणा ढिली झाली आहे. धोटा पेटीबाहेर उडत असेल तर मग पैशाचा हिशेब बाजूला ठेवावा आणि माग त्याच क्षणी बंद करावा. उडालेल्या धोट्याने डोळा गेल्याच्या घटना या धंद्यात घडलेल्या आहेत. माग दुरुस्त होतो, डोळा परत येत नाही.

खर्चाचा खरा हिशेब

आमच्या ओळखीचे बहुतेक कारखानदार दुरुस्तीचा खर्च म्हणजे भागाची किंमत अधिक मिस्त्रीची मजुरी एवढेच धरतात. हा हिशेब अर्धा आहे. त्यात आणखी दोन रकमा यायला हव्यात : माग बंद राहिला तेवढ्या दिवसांचे नुकसान, आणि दुरुस्तीनंतरही जे दुय्यम कापड निघत राहील त्याची घट.

आधी एका मागाचे उत्पादन काढू. माग मिनिटाला १५० पिक चालतो आणि कापड इंचाला ५२ पिकांचे आहे असे धरा. तासाला ९,००० पिक, म्हणजे सुमारे १७३ इंच, म्हणजे ४.४ मीटर. तार तुटणे, कांडी बदलणे यांत वेळ जातो. म्हणून शंभरातले ८० धरले तर तासाला साडेतीन मीटर. दोन पाळ्यांत २४ तास चालला तर दिवसाला ८४ मीटर आणि वर्षाचे ३०० दिवस धरल्यास २५,२०० मीटर.

आता मिसालीदाखल आकडे घेऊ. हे बाजारभाव नव्हेत. प्रत्येकाने आपले आकडे घालावेत. मजुरी, वीज आणि भाडे जाऊन मीटरमागे दीड रुपया शिल्लक राहतो असे समजू. म्हणजे माग एक दिवस बंद तर १२६ रुपये गेले.

मागाचा क्रँक शाफ्ट तुटला. शाफ्ट व बुश ७,००० रुपये, मिस्त्री २,००० रुपये, चार दिवस बंद म्हणून सुमारे ५०० रुपये. दुरुस्तीचा एकूण खर्च ९,५०० रुपये. दुसरीकडे त्याच जातीचा बऱ्या स्थितीतला जुना माग आणून उभा करायला ३०,००० रुपये लागतात आणि मोडलेल्याच्या भंगाराचे १५,००० रुपये येतात. दहा दिवस जागा रिकामी राहील त्याचे १,२६० रुपये. म्हणजे बदलण्याचा खर्च १६,२६० रुपये.

९,५०० आणि १६,२६० हे दोन आकडे शेजारी ठेवले की कोणीही म्हणेल, दुरुस्तीच स्वस्त. येथेच फसगत होते. कारण हे पैसे किती वर्षांसाठी जात आहेत ते यात आलेले नाही.

समजा दुरुस्त केलेला माग पुन्हा मोठे काम काढण्याआधी तीन वर्षे चालेल. मग वर्षाला सुमारे ३,१७० रुपये पडले. त्याचा नेहमीचा किरकोळ खर्च ३,००० धरा. एकूण वर्षाला सुमारे ६,१७० रुपये. बदललेला माग सहा वर्षे चालेल असे मिस्त्री पाहून सांगतो. १६,२६० भागिले सहा म्हणजे वर्षाला २,७१० रुपये, त्यात किरकोळ २,००० मिळवले तर ४,७१० रुपये. आता बदलणे स्वस्त पडले. पण दुरुस्त केलेला मागही सहा वर्षे चालणार असेल तर त्याचे वर्षाला सुमारे ४,५८० रुपये होतात आणि पारडे पुन्हा दुरुस्तीकडे झुकते. म्हणजे निर्णय किमतीवर कमी आणि आयुष्यावर जास्त अवलंबून आहे. म्हणून मिस्त्रीला "किती लागतील?" एवढेच विचारू नये. "किती दिवस चालेल, आणि यानंतर पुढचा कोणता भाग जाणार?" हेही विचारावे.

अजून एक रकाना उरला, तो आमचा, व्यापाऱ्याचा. दुरुस्तीनंतरही त्या मागाचे शंभरातले दोन मीटर जास्त "सेकंड" निघत असतील तर वर्षाला ५०४ मीटर झाले. सेकंडवर मीटरमागे पाच रुपये घट धरली तर २,५२० रुपये. ते दुरुस्त मागाच्या खात्यात मिळवले की सहा वर्षे चालणारा मागही वर्षाला ७,१०० रुपयांना पडतो. कारखानदार मिस्त्रीचे पैसे मोजतो, कारण ते खिशातून जातात. सेकंडचे पैसे मोजत नाही, कारण ते खिशात येतच नाहीत. खरे नुकसान बहुधा येथेच असते.

उलट दुरुस्तीनंतर कापड स्वच्छ येत असेल तर केवळ माग जुना आहे म्हणून बदलू नये. आम्ही कापडाचा भाव देतो, मागाच्या वयाचा देत नाही.

गेलेले पैसे मोजू नका

"गेल्या वर्षीच याच्यावर आठ हजार घातले, आता सोडू कसा?" हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. गेल्या वर्षीचे आठ हजार गेले. ते दुरुस्ती केल्यानेही परत येत नाहीत आणि माग विकल्यानेही नाहीत. आज जो रुपया निघेल आणि उद्या जो रुपया येईल, तेवढाच विचार करावा. नाहीतर बुडत्याचा पाय खोलात अशी गत होते. मात्र जुना खर्च एका कामासाठी जरूर पाहावा. तो वाढत चालला आहे की नाही हे त्यावरून कळते.

त्यासाठी प्रत्येक मागाला नंबर द्यावा आणि वहीत त्याचे एक पान ठेवावे. तारीख, कोणता भाग गेला, किती रुपये लागले, किती तास बंद राहिला, एवढ्या चार रकान्यांत काम भागते. मराठी असो, उर्दू असो, ज्या लिपीत हात बसला असेल तीत लिहावे. वर्षाअखेरीस आठ मागांची आठ पाने समोर ठेवली की कोणता माग कमावतो आणि कोणता खातो हे सांगायला दलाल लागत नाही.

मोटर : रिवाइंड की नवी?

मोटरीचा विचार वेगळा करावा, कारण ती रोज वीज खाते. मोटरीच्या किमतीपेक्षा तिने आयुष्यभर खाल्लेल्या विजेचे बिल कितीतरी मोठे असते.

सर्वच रिवाइंडिंग वाईट नसते. तार त्याच जाडीची, वेढे तितकेच, इन्सुलेशन चांगले आणि बेअरिंग नवी असतील तर मोटर जवळपास पहिल्यासारखी चालते. बिघाड होतो तो जुनी तार काढताना. घाई म्हणून काही ठिकाणी मोटर आगीवर धरून जुनी तार जाळून काढतात. त्या आचेने आतल्या पत्र्यांमधले पातळ इन्सुलेशन जळते आणि मोटर रिकामी फिरतानाही जास्त वीज ओढते व तापते. म्हणून कारागिराला आधीच सांगावे की मोटर भट्टीत टाकू नका. मोटर परत आली की रिकामी चालवून तिचा करंट मोजून घ्यावा आणि वहीत लिहावा. जळालेल्या तांब्याचे पैसेही हिशेबात धरून घ्यावेत. ते तांबे आपले असते.

आता विजेचा हिशेब. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. माग त्यातले ६०० वॉट ओढतो असे धरू. जुनी, दोन-तीनदा रिवाइंड केलेली मोटर शंभरातले ७० काम देत असेल तर ती मीटरमधून ८५७ वॉट घेते. शंभरातले ८० काम देणारी नवी मोटर ७५० घेते. फरक १०७ वॉटचा. दिवसाला २० तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर सुमारे ६४३ युनिट. युनिट पाच रुपये धरल्यास वर्षाला ३,२०० रुपये. आपल्याला सवलतीच्या दराने वीज मिळत असेल तर हा आकडा कमी होईल. आपले बिल काढून आपला दर घालावा.

म्हणून पहिल्यांदा जळालेली, चांगल्या बनावटीची मोटर नीट रिवाइंड करून घ्यावी. दुसऱ्या-तिसऱ्यांदा जळालेली, रिकामी चालतानाही तापणारी मोटर सोडून द्यावी. नवी घेताना पाटीवर कार्यक्षमतेचा दर्जा लिहिलेला असतो, आयई २ किंवा आयई ३. आकडा जितका मोठा तितकी वीज कमी. मोटर मागासाठीच बनवलेली आहे ना हेही पाहावे, कारण माग सुरू होताना मोटरीला मोठा झटका सोसावा लागतो. पंपाची स्वस्त मोटर येथे टिकत नाही. फेज गेल्यावर मोटर बंद करणारे उपकरण बसवून घ्यावे. त्याचा खर्च एका रिवाइंडिंगपेक्षा बहुधा कमीच येतो.

बदलायचा तर काय आणायचे?

येथे तीन वाटा आहेत. त्याच जातीचा जुना माग, आहे त्या मागावर सुधारणा, किंवा बिनधोट्याचा नवा माग.

जुना माग घेताना तो चालू पाहून घ्यावा. बंद असेल तर पट्टा काढून हाताने फिरवावा. शाफ्ट वर-खाली हलतो का, सांगाड्याला रंगाखाली तडा आहे का, गिअरचे दात टोकदार झाले आहेत का, हे पाहावे. शक्यतो आपल्याकडे असलेल्या बनावटीचाच घ्यावा, म्हणजे एकाचे भाग दुसऱ्याला लागतात.

दुसरी वाट सुधारणेची. साध्या मागाला ताण्याची तार तुटली की थांबवणारी आणि बाण्याची तार संपली की थांबवणारी यंत्रणा जोडता येते, बीमचा ताण एकसारखा सोडणारी व्यवस्था बसवता येते. सांगाडा मजबूत असेल तर थोड्या पैशांत कापडाची प्रत वाढते. केंद्र सरकारने १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडीहून पॉवरटेक्स इंडिया ही योजना सुरू केली, तीत अशा सुधारणेसाठी मदतीची तरतूद होती. अशा योजनांना मुदत असते. म्हणून खर्च करण्याआधी पॉवरलूम सर्व्हिस सेंटरात जाऊन आज कोणती मदत चालू आहे याची चौकशी करावी. आधी खरेदी आणि मग अर्ज, असे उलटे करू नये.

तिसरी वाट रॅपियरसारख्या बिनधोट्याच्या मागाची. त्याचा वेग साध्या मागाच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त, कापड जास्त स्वच्छ. पण तो एकटा येत नाही. त्याला चांगले, मजबूत सूत लागते, पक्की जमीन लागते, शिकलेला फिटर लागतो आणि महाग सुटे भाग लागतात. शिवाय एक गोष्ट आमच्या बांधवांच्या ध्यानात येत नाही. धोट्याच्या मागावर बाणा वळून परत येतो आणि काठ आपोआप बांधला जातो. रॅपियरवर बाण्याची प्रत्येक तार कापली जाते, काठ वेगळा बांधावा लागतो आणि कडेचे थोडे सूत वाया जाते. लुंगी व साडीच्या गिऱ्हाइकाला बांधलेला काठ लागतो. शर्टिंग-सुटिंगच्या गिऱ्हाइकाला त्याचे विशेष काही नसते. म्हणून नवा माग घेण्याआधी आपल्या व्यापाऱ्याला विचारावे : हा माल मी याच भावात वर्षभर दिला तर घ्याल का? गिऱ्हाईक आधी, माग नंतर.

आणि एकच माग मोडला म्हणून सगळा कारखाना बदलण्याच्या भरीस पडू नये. सातजण घोड्यावर आणि एकजण मोटारीत अशी वरात निघत नाही.

भंगारात देण्याआधी

माग बदलायचे ठरले तरी तो अख्खा भंगारवाल्याच्या काट्यावर चढवू नये. त्याचे चांगले गिअर, टॅपेट, ब्रॅकेट, धोट्याच्या पेट्या काढून घ्याव्यात. उरलेल्या सात मागांसाठी ही फुकटची गोदी आहे. किलोच्या भावाने जो गिअर थोड्या रुपयांना जाईल तोच उद्या बाजारात शोधत फिरावे लागते, आणि काही जुन्या बनावटीचे भाग तर पैसे देऊनही वेळेवर मिळत नाहीत. जागा अडू नये म्हणून नुसता सांगाडा आणि निरुपयोगी लोखंड तेवढे विकावे. मोटरीतले तांबे लोखंडाबरोबर तोलू देऊ नये.

पैसा कोठून आणायचा?

माग मोडतो तो नेमका मंदीत, असा अनुभव आहे. कारण मंदीत देखभाल टाळली जाते. त्या वेळी घाईने काढलेले कर्ज महाग पडते. आमच्यातील अनेक बांधव तर व्याजापासून दूर राहू इच्छितात. त्याला उपाय एकच, झिजेचे पैसे रोज बाजूला काढणे. मीटरमागे २५ पैसे काढले तर वरच्या हिशेबाने एका मागाचे वर्षाला ६,३०० रुपये आणि आठ मागांचे ५०,४०० रुपये होतात. दर वर्षी एक माग नीट उभा करायला एवढे पुरेसे आहे. माग झिजतो तो रोज, म्हणून त्याचे पैसेही रोजच निघाले पाहिजेत. नातेवाइकाकडून किंवा मित्राकडून हातउसने घेतले तर रक्कम आणि मुदत लिहून, दोघांच्या सहीने घ्यावेत. नाते टिकवायचे असेल तर कागद हवा.

हाच नियम इतर धंद्यांना

शिलाई मशीन, छपाईचे यंत्र, गॅरेजचा कॉम्प्रेसर, सर्वांना हाच कायदा लागू आहे. लाकूड कापणाऱ्या बांधवांची पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत घ्या. साखळी, पट्टी, स्पार्क प्लग, फिल्टर, पेट्रोलची नळी हे झिजण्याचे भाग आहेत. ते बदलावेत आणि काम करावे. पण पेट्रोलमध्ये तेल मिसळायचे राहून पिस्टन आणि सिलिंडर ओरखडले असतील तर ते करवतीच्या सांगाड्याला तडा जाण्यासारखे आहे. तेथे नव्याची किंमत विचारूनच पुढे जावे. आणि तेल का राहिले याचा बंदोबस्त आधी करावा, नाहीतर नवी करवतही त्याच वाटेने जाईल.

थोडक्यात सांगायचे तर, कारण शोधा, भाग ओळखा, कापड पाहा, खर्चाला वर्षांनी भागा आणि गेलेला पैसा विसरा. सांगाडा शाबूत, कापड स्वच्छ आणि वहीतला खर्च स्थिर असेल तर जुन्या मागाला निश्चिंतपणे दुरुस्त करावे. सांगाडा गेला, सेकंड वाढले आणि दर तीन महिन्यांनी मिस्त्रीची फेरी होऊ लागली, तर त्या मागाचे उपकार मानून त्याला निरोप द्यावा. ज्यांच्याकडे वही नाही त्यांनी येत्या पहिल्या तारखेपासून ती सुरू करावी. चार रकान्यांची वही बाजारात स्वस्त मिळते, आणि पुढचा माग मोडेल तेव्हा निम्मा निर्णय त्या वहीत लिहिलेला असेल.